रत्नावतीचे पडदे

नाही वं पोरी, ते टेबल नाही सरकत. ओढू नोको, हात दुखन तुहा. चारही पायाले बोल्ट हायेत, खाली फरशीत — मीच ठोकले, अन् गिरिधरनं पाना धरला होता. तू खुर्ची इकडं घे अन् बस. काहून ठोकले? — हां, हे बरं विचारलं. लोकं विचारत नाहीत वं, येतात, ओढून पाहतात, सरकलं नाही का माह्याकडं पाहतात. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं समजतात, दुसरं काय. अवं, जहाजावर टेबल ठोकलेलंच असते. नाही तं समुद्र चढला का टेबल, बशा, शेठ, शेठाणी, सारे एका कोपऱ्यात. अन् हे पाह्य, कडेले ही पट्टी, ही अशी उचलायची — झाला कठडा. बशी खाली पडत नाही. हे आमच्या रत्नावतीचंच टेबल हाये — म्हणजे, मी म्हणतो रत्नावतीचं. जहाज तोडलं गुजरातेत, तिथं रस्त्यानं दुकानंच दुकानं, तोडलेल्या जहाजायचं सामान विकाले ठेवलेलं. मी अन् गिरिधर दोघं गेलो होतो. मी म्हटलं, हे आपलंच. तो म्हणे, कायचं आपलं गा, आपल्या टेबलाचे पाय गोल होते. दुकानदारासमोर भांडण. ट्रकवाला बिचारा बिडी पीत उभा. पण आणलं शेवटी, नागपूरपर्यंत आणलं.

चालू हाये ना तुहं ते रेकॉर्डिंग? बरं. रोशनीनं सांगितलं मले — आजोबा, माही मैत्रीण सुरुची येईन, तिचं कॉलेजचं काम हाये, म्हाताऱ्या लोकायच्या तोंडून जुन्या गोष्टी भरून घेते, मंग त्या सगळ्यायले ऐकता येतात. कायमच्या राहतात म्हणे. राहतात ना? — बरं. नात माही पुण्यात राहून इतकं करते, नाही तं ह्या घरात रत्नावतीचं नाव काढलं का पोरगा टीव्हीचा आवाज वाढवत होता. आता तोबी पुण्यातच हाये. टीव्ही इथं हाये.

तं मी जागेश्वर पराते, तांडापेठ. आमचं घराणं कोष्ट्याचं. बापाचा हातमाग होता, मंग पावरलूम आले, माग बसला. मुंबईले मामा गिरणीत होता, त्यानं ओळखीनं जहाजाच्या कंपनीत चिकटवून देल्लं. जेवणाच्या हॉलात वाढपी — तिथं स्ट्युअर्ड म्हणत — पांढरा कोट, पितळेची बटनं. आई म्हणे, लग्नात वाढाले जातं का काय रे बाबा. अन् माह्या मागून आमच्याच गल्लीतला गिरिधर हेडाऊ आला, तो खाली, धुलाईत. आता नागपूरच्या माणसानं पाणी पाह्यलं किती? फुटाळा तलावाचं. अन् एकदम मुंबई ते मोंबासा. गिरिधर पहिल्या दिवशी डेकवर आला, चहूकडं पाह्यलं, अन् म्हणे, जागेश्वर, काठ कुठं हाये गा? मी म्हटलं, पुढं हाये. मले का माहीत होतं?

अन् रत्नावती म्हणजे का सांगू तुले. मोठी होती असं म्हणता येईन, पण मोठी तं पुष्कळ जहाजं होती. ती मायाळू होती. काही जहाजं आपटतात, ती आपटत नव्हती, हळूच वर घे अन् हळूच खाली ठेव, पाळण्यासारखी. आफ्रिकेत दुकानं असलेले शेठ लोकं, शिकाले चाललेले पोरं, अन् नव्या नवऱ्या — लग्न झालं का दुसऱ्या आठवड्यात जहाजात, नवरा तिकडं, अन् ही एकटी पेटी घेऊन. आधी माहेरासाठी रडायच्या, मंग समुद्र लागला म्हणून. मी त्यायले लिंबाचं लोणचं अन् सुकी पोळी नेऊन देत होतो कॅबिनच्या दारात. एकीनं मले दादा म्हटलं, अन् उतरताना पाया पडली — मी वाढपी, माह्या पाया पडली. सगळे हसले. मी नाही हसलो. अन् खाली, धुलाईच्या मागं, गिरिधर सावजी मटण करत होता चोरून. गोव्याचा आचारी वास घेत घेत यायचा, अन् डोळ्यातून पाणी गाळत खायचा. पुन्हा मागायचा.

हां, ते पाणी का शिंपडलं मी मघा टेबलावर — पुसाले नाही वं, फडकं नोको आणू. समुद्र खवळला का टेबलावरची चादर ओली करायची. ओल्या कपड्यावर बशी घसरत नाही. हाताले सवय लागली ती लागली, आजबी चादर घातली का हात आपोआप पाण्याकडं जाते. ह्याच हातानं मी माह्या पोरीचं लग्न मोडत होतो. कुहीहून पाहुणे आले होते तिले पाहाले, चांगले शेतीवाले लोकं. मी चादर घातली, पाणी शिंपडलं, ताटं मांडली — माह्या तं ध्यानातबी नाही. पोराच्या काकानं हात ठेवला, अन् उठूनच उभा राह्यला. म्हणे, आमच्यात ओलं वस्त्र मयताच्या दिवशी असते. घरची माही, तुळसा, दारातच भिंतीले टेकली. अन् गिरिधर — तो बसला होता तिथं, त्या स्टुलावर — तो म्हणे, पाहुणे, ह्याचं चुकलं. इतकी ओली नाही करायची, ह्याले कधीच जमलं नाही, कप्तानबी रागवत होता. कप्तान? काका म्हणे, कोण कप्तान? मंग अर्धा तास गिरिधर जहाज सांगत बसला. जमलं लग्न. जावई आजबी जेवाले बसला का आधी चादरीले हात लावून पाहते.

गिरिधर दर रविवारी यायचा. गांधीबागेत मी कपड्याच्या दुकानात होतो जहाजाची नोकरी सुटल्यावर, रविवारी दुकान बंद. पोहे, तर्री, अन् भांडण. गप्पा नाही म्हणत मी, भांडणच. मी म्हणो, जेवणाच्या हॉलातले पडदे हिरवे होते. तो म्हणे, निळे. मी म्हणो, मी त्या हॉलात नोकरी केली, सकाळ-दुपार-संध्याकाळ. तो म्हणे, अन् ते पडदे धुतले कोणं? तुह्या बापानं? — असं बोलत होता, माह्या बापाचा मान ठेवत नव्हता, पडद्यापुढं कोणाचाच नाही. वर्षंच्या वर्षं हेच. एडन आधी का मोंबासा आधी, भोंगा दोनदा वाजे का तीनदा. त्याची सून म्हणायची, बाबा, सोडा ना आता, ते जहाज तं भंगारात गेलं. तो म्हणे, जहाज गेलं, हा जागेश्वर खोटं सांगून राहिला त्याचं का करू?

मले तवा राग येत होता वं. मले वाटे, ह्याच्यामुळं माही रत्नावती कधी पुरीच होत नाही. हॉल उभा केला का हा पडदा ओढून फाडते. असं वाटे का हा नसता तं मी सगळं बरोबर सांगितलं असतं, अगदी नीट, एका दमात.

दिवाळीच्या आधी तो पडला आजारी. दवाखान्यात होता, मी जाऊन बसत होतो. बोलत होता चांगला. एक दिवस गेलो, तं नुसताच छताकडं पाहून राहिला. मी म्हटलं, गिरिधर, हॉलातले पडदे हिरवे होते. मुद्दाम म्हटलं, त्याले चेव यावा म्हणून. तो म्हणे, हो गा. हिरवेच होते.

मी बाहेर आलो. त्याच्या सुनेले म्हटलं, मुकुंदले — गिरिधरच्या पोराले — बोलवून घे मुंबईहून, आजच. ती म्हणे, काहून काका, डॉक्टर तं सुधारणा हाये म्हणते, आज दोन घास जेवले. मी म्हटलं, बाई, त्यानं हो म्हटलं. तिले का समजणार? तिले वाटलं, मीच घाबरलो. मुकुंद आला, पण उशिरा आला.

आता पडदे हिरवे हायेत. भोंगा तीनदा वाजते. मोंबासा आधी. मी म्हणतो तेच. अन् ह्यात काही म्हणजे काही मजा नाही वं पोरी. मी इथं बसतो, सांगतो भिंतीले, भिंत ऐकून घेते. अन् आजकाल मले वाटून राहिलं — निळेच असतीन तं? तो धूत होता. धुणाऱ्याले रंग दिसत नसन का? पण कोणाले विचारू? जहाजावरचे मुंबईचे होते एक-दोघं, त्यायचे फोन लागत नाहीत. ज्यायनं पाह्यली ते गेले, अन् मी एकटा राह्यलो तं मी सांगीन ते जहाज. उद्या म्हटलं तिले पंख होते, तं पंख होते. मले लय एकटं वाटते. रोशनीले सांगू नोको हे.

बरं, हे भर. तो फोटो हाये ना समोर, रंगीत — हां, तोच, बंदरात उभी हाये ती. तं रत्नावती पुरी पांढरी, अन् धुराडं काळं. काळं कुळकुळीत. भरलं?

हो म्हणून मान हलवली तू.

फोटोत धुराडं पिवळं हाये वं. पिवळं धमक. तुले दिसलं. मी पाहून राहिलो होतो तुह्याकडं — तू फोटोकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं, अन् मान हलवली. काहून? — हं, म्हणतं तू, तुम्ही सांगता तेच बरोबर असन, आजोबा. — असं आईनं शिकवलं असन, मोठ्यायले उलटं बोलू नये. चांगलं शिकवलं. तुहं काही चुकलं नाही, चहा पी.

नाही, राग नाही आला. पण मंग हे राहू दे. असं कायमचं राहून का उपयोग, कोणी नाही म्हणणारंच नाही तं? मिटवून टाक ते. माहं सगळं. हो, हो, पुरंच्या पुरं, जहाज, टेबल, गिरिधर, सगळं मिटव.

मिटवलं?

झालंबी? लगेच?

अवं पोरी, एक वेळ तं नाही म्हणायचं होतं.

… राहू दे. कप तिथंच ठेव, मी उचलतो. जा तू आता, घरी वाट पाहत असतीन. जा म्हटलं ना.