शाल्मली कानाचं मशीन विकते

मंडळी, ऐका! मागच्यांनी गप्पा आवरा, पुढच्यांनी जरा जागे व्हा — आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. दारोदार फिरून वस्तू विकणं, हे हलकं काम आहे का हो? गप्प का बसलात? मुलीला स्थळ आलं आणि मुलगा 'सेल्समध्ये' आहे असं कळलं, की तुमचं नाक कुठं जातं? वर! हां, आता कसे हसलात!

तर सांगलीची शाल्मली दाभोळे. मुंबईत इन्व्हेस्टमेंट बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बँक म्हणजे पासबुक छापून देणारी नव्हे, बरं का! ही बँक कंपन्यांच्या सोयरिकी जुळवते. कुणी कुणाला विकत घ्यायचं, कुणी कुणाला गिळायचं — सगळं काचेच्या खोलीत बसून!

एकदा मिरजेजवळचा एक छोटा कारखाना विक्रीला निघाला. कानाची मशीनं बनवणारा. शाल्मली पाहणीला गेली. तिथं चाचणीच्या खोलीत एक म्हातारे गवंडी बसलेले. कानात मशीन घातलं, आणि ते एकदम दचकले. म्हणाले, "अरे, हा पंखा आवाज करतो होय?" आणि हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले!

शाल्मली बघतच राहिली. मंडळी, इतकी वर्षं तिनं कंपन्या विकल्या, पण ज्याच्यासाठी माल बनतो तो माणूस कधी समोर पाहिलाच नव्हता!

मालकांना तिनं विचारलं, "इतका चांगला माल, मग खपत का नाही?"

मालक म्हणाले, "बाई, घरोघर जाऊन समजावून सांगणारं कुणी मिळत नाही. सगळ्यांना खुर्ची हवी."

झालं! "मग मी सांगते घरोघर," म्हणाली, आणि मुंबईला परतली ती राजीनामा घेऊनच साहेबांसमोर. साहेब हबकले. "सेल्स? पिशवी घेऊन फिरणार? अगं, लोक वर चढतात, तू खाली उतरतेस!"

"साहेब, खाली काय आहे ते बघून तर येऊ द्या," ती म्हणाली, आणि निघाली.

सोपं होतं का? छे! तासगावात पहिलंच दार वाजवलं. आतून आजोबा ओरडले, "आमच्यात कुणी बहिरं नाही!" — असे ओरडले, की चार घरं सोडून कुत्रं भुंकलं! दार धाडकन बंद. दुसरं दार बंद. तिसरं बंद. संध्याकाळी एसटी स्टँडवर बसून रडली का? रडली! चांगली घळाघळा रडली. मग तोंड धुतलं, चहा प्याली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गल्ली!

पुढं घरात लग्न निघालं. मांडवात पंगत बसलेली. आणि प्रभाकरकाका, तिचे थोरले चुलते, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय गं, विमानानं फिरणारी तू, आता काय विकतेस म्हणे? कंगवे की फण्या?"

मांडव हसला. आई खाली बघायला लागली. शाल्मली काय करते? उठून उभी राहिली!

"कानाची मशीनं विकते, काका. पिशवी इथंच आहे. दाखवू?"

काकांच्या शेजारी सुलभाकाकू. पोस्टातून निवृत्त झालेल्या, मागची काही वर्षं ऐकू येणं जवळपास बंद. कुणी काही बोललं की नुसती मान डोलवायच्या. शाल्मली त्यांच्यापुढं बसली, खुणेनं विचारलं, आणि दाखवायला आणलेलं मशीन हळूच त्यांच्या कानात बसवलं. आवाज थोडा थोडा वाढवला.

काका वैतागले. "तिच्यावर कशाला वेळ घालवतेस? तिला सांगून काय उपयोग? ती आता असून नसल्यासारखीच!"

काकूंनी मान वळवली. सावकाश. म्हणाल्या —

"ऐकू आलं मला."

मंडळी, वाढप्याच्या हातातली पळी तिथंच थांबली! काकांचा घास तोंडाशी अडला. मग चाचपडत म्हणाले, "बरं बरं, देऊन टाक तिला एक. घरचीच तर आहेस, घरच्यांकडून काय पैसे घेणार?"

"घेणार, काका! पूर्ण किंमत घेणार! ही भीक नाही नि भेट नाही. उद्या कान नीट तपासून घेईन, जुळेल तेच मशीन देईन, बिघडलं तर मीच धावत येईन. हा माझा धंदा आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही!"

काका तोंड उघडणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "माझी पेन्शन आहे. मी घेते. तुम्ही जेवा."

ती शाल्मली आजही पिशवी घेऊन फिरते. कारखाना काही मोठा झाला नाही, पण विकलाही गेला नाही. काका अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. न बोलू देत! काकू बोलतात, भरपूर बोलतात!

आता तुम्ही सांगा. पांडुरंगानं तुम्हाला हात दिले, जीभ दिली, ती काय फक्त हुद्दा सांगायला? आपल्या कामानं एका माणसाचं तरी भलं झालेलं डोळ्यांनी पाहिलंत का कधी? पाहिलं असेल तर ताठ उभे राहा, कुणी हसलं तर हसू द्या! आणि नसेल पाहिलं, तर काम बदलायला घाबरता कुणाला? शेजाऱ्याला? व्याह्याला? अहो, ज्याच्यापुढं शेवटी उभं राहायचंय, तो हुद्दा विचारत नाही! वाजवा टाळ्या, आणि घ्या त्याचं नाव — पण मान वर करून!