ठिपका खाली दिसला होता

समोर बसलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. धुळ्याची मंडळी आहेत, शिंदखेड्याहून शरदचे भाऊबंद आले आहेत. मुंबईहून त्याच्या प्रयोगशाळेतली माणसं आणि डोळ्यांचे डॉक्टर आले आहेत. पुढे सतरंजीवर अक्का बसल्या आहेत, शरदच्या आई. त्यांच्यासमोर उभं राहून बोलणं मला जड जातंय. याच शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं, न अडखळता बोला म्हणून मुलांना दटावलं. आज मी अडखळलो तर सांभाळून घ्या.

शरद माझा विद्यार्थी. इंजिनिअर झाला, मुंबईला गेला. आणि कावीळ झाल्याचं निमित्त होऊन गेला. त्याचे केसही अजून पिकले नव्हते हो.

मला तो पाचवीतला आठवतो. कविता चालीवर म्हणायचा, आणि बेसूर म्हणायचा. एकदा तास संपल्यावर थांबला. "सर, ते कडवं परत म्हणा ना. आईला घरी म्हणून दाखवायचंय." मी म्हटलं, पुस्तकात आहे की. तर म्हणतो, "पुस्तकात चाल नाही, सर."

तेव्हा अक्कांची नजर जात होती. आधी रात्रीचं दिसेना, मग दिवसाचंही. डोळ्यातला पडदा हळूहळू निकामी होत गेला. अक्कांनी शरदचा चेहरा शेवटचा पाहिला तो त्या वयातला. कवितेत पिवळं फूल आलं की अक्का विचारायच्या, कपाशीच्या फुलाइतकं पिवळं का त्याहून गडद? आणि हा दुसऱ्या दिवशी ते मला विचारायचा. मी काय सांगणार? मास्तरला यमक कळतं, रंग कुठे कळतो.

पुढे कॉलेजातून सुट्टीला आला तो मिशी राखून. अक्कांनी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही मिशी शे का भुवई?" तो इतका हसला, इतका हसला. पण जाताना मला म्हणाला, "सर, तिला ही मिशी दिसली पाहिजे."

तेच त्याचं काम झालं. मला समजावून सांगायचा. "पडदा निकामी झाला तरी त्यातल्या काही पेशी जिवंत असतात. त्यांना वीज द्यायची, अगदी जराशी. मग मेंदूला उजेड भासतो. चित्र नाही सर, नुसता ठिपका. पण ठिपक्याशेजारी ठिपका मांडता आला तर?" मी म्हटलं, म्हणजे रांगोळी. "रांगोळीच," म्हणाला.

यंत्र तयार झालं, तपासणीला नजर गेलेला माणूस हवा होता. डॉक्टर म्हणाले, घरचं माणूस नको. यातून नजर येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलाचं काम अडायला नको म्हणून अक्का हटून बसल्या. "माले दिसो का नको दिसो, त्यानं काम व्हवाले जोयजे."

डोळा बधिर केला. अक्का जाग्या होत्या. डॉक्टरांनी बारीक तारेचं टोक पडद्याला आतून टेकवलं, शरदने बटण दाबलं. यंत्र टिक करून वाजलं. डॉक्टर धीर देत बोलत होते, "अक्का, आता वरच्या बाजूला लावलंय. दिसलं का काही? कुठे दिसलं?"

अक्का म्हणाल्या, "हा, दिसनं. वर."

त्यानंतर शरद माझ्या घरी आला. ओट्यावर बसला. म्हणाला, "सर, डोळा मिटा. बाहेरच्या कोपऱ्यावर हलकं बोट दाबा. उजेडाचं कडं कुठे दिसतं?" मी पाहिलं. दिसलं ते नाकाच्या बाजूला. "असंच असतं. डोळ्यात सगळं उलटं असतं. वर तार लावली तर ठिपका खाली दिसायला हवा. आई वर म्हणाली. मग मी तार न लावता नुसतं बटण दाबलं. तरी म्हणाली, दिसनं. तिला काहीच दिसलं नाही, सर. तिनं माझं मन राखलं."

चहा तसाच राहिला. त्याने डोळ्याचं काम सोडलं, बहिऱ्यांसाठीच्या यंत्राकडे वळला. त्या वर्षी श्रावणात कानबाईच्या सणाला घरी आला नाही. आपल्याकडे कानबाईला परदेशातला माणूसही रोटाच्या प्रसादाला घरी येतो. अक्का दाराशी बसून होत्या. पुढे तो आला, गेला, सगळं झालं. पण त्या दिवसाबद्दल मायलेक कधी बोलले नाहीत. आणि आता तो नाही.

परवा मी दुखवट्याला गेलो. बायका उठून गेल्यावर अक्कांनी हळूच हाक मारली.

"मास्तर, एक इचारू? तो दिवा खाले का बरं दिसना?"

खाली दिसला? कोणता दिवा, अक्का?

"दवाखानामधला. डाक्टर वर म्हने, माले खाले दिसना. गालाजोडे. माले वाटनं, मनंच चुकनं. एवढा मोठा डाक्टर, त्याले खोटं कसं पाडू? पोऱ्याना अपमान व्हई. म्हनीसन मी वर सांगं."

आणि नुसती टिक वाजली तेव्हा?

"तव्हय काहीच नव्हतं. पन नही म्हंती त पोऱ्याले वाईट वाटतं."

मी त्यांना सांगितलं, अक्का, खालीच दिसायला हवं होतं. तुमचं बरोबर होतं. त्यांनी आपल्या गालावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "मंग आते त्याले कोन सांगी?"

 

मंडळी, अक्कांना विचारूनच मी हे बोलतोय. डॉक्टरसाहेब, तुमचा दोष नाही. तुम्ही मायेने बोललात, अक्का मायेने बोलल्या, आणि त्या मायेतच खरं बुडालं. आमच्याकडे मोठ्या माणसाचा शब्द खोडत नाहीत. तेव्हा पुढच्या माणसाला तार कुठे लावली ते सांगू नका. आणि शरदचं ते काम पुन्हा हाती घ्या. तो ज्या कारणाने थांबला, ते कारणच नव्हतं.

आता आपण उभे राहू या. अक्का, तुम्ही बसूनच राहा. कुणी काही बोलू नका, थोडा वेळ.

शरद, तुझ्या आईला दिसलं होतं. खाली, गालाजवळ.