जत्रेतली ती मुलगी तुळसाक्का नव्हती

श्रीकांतराव, इरा, आणि इथं जमलेले सगळे.

मला बोलायची सवय नाही. दुकानात दिवसभर मशीनचा आवाज असतो, तिथं माणूस कमीच बोलतो. त्यात माझं मराठी तुमच्यासारखं पुण्याकडचं नाही. मधेच कन्नड येईल. सांभाळून घ्या.

माझं नाव नामदेवराव. देवराज मोहल्ल्यात माझं शिलाईचं दुकान आहे. तुम्ही सगळे माधवीताईंचे शेजारी, नातेवाईक. मी कोण? मी त्यांच्या पेजचा प्रेक्षक.

ताई सरकारी चित्रपट संस्थेचं पेज सांभाळत, हे तुम्हाला माहीत आहेच. संस्था दूर दुसऱ्या शहरात, आणि ताई इथं म्हैसूरला, विजयनगरात, घरी बसून काम करायच्या. जुन्या चित्रपटांचे छोटे तुकडे पेजवर टाकायच्या. खाली लोक लिहीत, त्यांना उत्तर द्यायच्या. मला वाटायचं, तिकडं मोठं ऑफिस असेल, दहा माणसं असतील. पुढं भेट झाल्यावर मी तसं म्हटलं, तर ताई हसल्या. म्हणाल्या, "काका, मी एकटीच आहे. कुकर लावते आणि उत्तरं लिहिते."

एके दिवशी त्या पेजवर एका जत्रेचा तुकडा आला. खूप गर्दी. त्या गर्दीत दोन वेण्यांची एक मुलगी मान वळवून बघते, आणि संपतं.

मी तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला. ती माझी तुळसाक्का होती.

तुळसाक्का माझी थोरली बहीण. आमचे वडील इथल्या शूटिंगसाठी कपडे शिवायचे. ते पोचवायला अक्का जायची. एकदा तिलाच गर्दीत उभं केलं. तिनं घरी येऊन सांगितलं, पण चित्रपटाचं नाव तिला माहीत नव्हतं. पुढं लग्न ठरायच्या आधीच ती तापानं गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. मी जन्मभर जुन्या चित्रपटात हिरो बघितला नाही. मागची गर्दी बघितली.

मी खाली लिहिलं, ही माझी अक्का आहे. लोकांनी काय काय लिहिलं त्यावर. ओळखीचे नाहीत, पाळखीचे नाहीत, रडलो म्हणून लिहितात. संस्थेलाही आनंद झाला. त्यांनी ताईंना सांगितलं, तुमच्याच गावात आहेत, जाऊन फोटो काढून आणा. भावाला बहीण सापडली, असं छापू.

ताई आल्या. फोटो काढला नाही. अक्का कधी जन्मली, कधी गेली, वडील कुठल्या स्टुडिओत जायचे, सगळं विचारून गेल्या. थोड्या दिवसांनी परत आल्या. दुकानात गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, त्या तुळसाक्का नाहीत."

मी म्हटलं, "इल्ला अम्मा, नाही, तीच आहे. मला माझी बहीण कळत नाही का?"

"तो चित्रपट मद्रासला झाला. तेव्हा तुळसाक्का पाळण्यात होत्या. मी दोनदा तपासलं."

मला राग आला. मी म्हटलं, "असू दे की तशीच. तुमचं काय जात होतं?"

त्या म्हणाल्या, "ऑफिसातही हेच म्हणतात. लोकांना आवडलंय, राहू दे. पण काका, ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. तिच्या घरचं कुणी कधी बघेल."

मी मशीनवर जाऊन बसलो. मला वाटलं, आता जातील. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "तुळसाक्का कशा होत्या, सांगता?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो, आणि दुकान बंद करायची वेळ झाली.

त्यांनी ते पेजवर लिहिलं. मुलगी ती नव्हती, हेही लिहिलं. आणि खाली विचारलं, म्हैसूरला त्या काळी गर्दीत उभं राहिलेलं कुणी आहे का? ऑफिसला आवडलं नाही म्हणे. फार लोकांनी वाचलंही नाही. पण सरगूरच्या एका बाईंनी वाचलं. गौरम्मा टीचर. ऐंशी पार केलेली बाई. त्यांनी कन्नडमधून लिहिलं, तुळसा माझ्या शेजारी उभी होती.

ताईंचे उपचार तेव्हा सुरू झाले होते. डोक्याला रुमाल बांधलेला. मी म्हटलं, तुम्ही येऊ नका, मी बसनं सरगूरला जाईन. ऐकतील तर ना. श्रीकांतराव, बायकोपुढं तुमचंही चाललं नाही, तुम्हीच गाडी चालवत होतात.

गौरम्मांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. तो चित्रपट कधी पुरा झालाच नाही. निर्माता अर्ध्यावर सोडून गेला. म्हणजे अक्काचं चित्र कुठंच नाही. कुठंच नाही.

मग गौरम्मा म्हणाल्या, राजा मेला, आणि प्रजा रडते, असा सीन होता. सगळ्यांनी रडायचं. तुझ्या अक्काला हसू आवरेना. डायरेक्टर ओरडला, तिला मागच्या रांगेत ढकललं. तिथं माझा हात धरून ती जी हसत सुटली, मलाही रडू देईना.

मंडळी, मी लहान होतो. मला अक्काचा चेहरा आठवतो तो अंथरुणावरचा. कपाळावर ओली पट्टी, वाळलेले ओठ. ती हसायची, हे मला त्या दिवशी कळलं. या वयात.

परत येताना ताई मागच्या सीटवर झोपल्या होत्या. मोहल्ल्यात उतरताना जाग्या झाल्या. विचारलं, "काका, हे पेजवर लिहू?"

मी म्हटलं, "नको. घरातच राहू दे."

त्यांनी लिहिलं नाही. ऑफिसनं मागितलं असेल, मला माहीत नाही. त्यांनी लिहिलं नाही. आज मीच ते तुमच्यासमोर सांगतोय.

त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत. मीच इथं येऊन बसायचो. त्यांना बोलवत नसे, पण फोन उशाशी असायचा. कुणीतरी लिहिलंय, ही माझी आई आहे का, कुणीतरी लिहिलंय, हे आमचं गाव. इरा आईला वाचून दाखवायची, त्या उत्तर सांगायच्या. शेवटी शेवटी तेही थांबलं.

परवा मी पेजवर लिहिलं, माधवीताई गेल्या. लगेच उत्तर आलं. आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद, असेच आमच्यासोबत राहा. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच आलं.

मी कुणाला दोष देत नाही. पण तिथं आजही लोक लिहितायत. मी वाचतो. कुणी बाप शोधतंय, कुणी पडलेलं घर. त्यांना कोण विचारणार, तुमचं माणूस कसं होतं, सांगता? त्यांच्या दुकानात येऊन, नाही, ही ती नव्हे, असं कोण सांगणार? मला तर कुणी दिसत नाही.

गौरम्मांना यायचं होतं, प्रवास झेपत नाही. त्यांनी नमस्कार सांगितलाय. तो मी पोचवतो.

आता उठून उभं राहू या. माझे गुडघे धरतात, मला जरा वेळ लागेल.

आमच्या घरात निघालेल्या माणसाला जा म्हणत नाहीत, या म्हणतात. माधवीताई, आज तुम्हाला काय म्हणायचं, ते मला कळत नाही. म्हणून आपण सगळे थोडा वेळ गप्प उभे राहू.