चावडीमागच्या विहिरीची पाटी

नानी, अक्का, आणि वाचनालयाच्या ओसरीवर जमलेले माझे बठ्ठे, सगळेच गाववाले,

मला बोलायला उभं करू नका, असं मी सकाळपासून सांगतोय. मी पाट्या रंगवणारा माणूस. दुकानाची पाटी, ट्रॅक्टरचा नंबर, लग्नघराच्या भिंतीवरचा गणपती, यातच हयात गेली. पण नानींना नाही म्हणायची माझी छाती नाही. आज, नाना गेल्यावर, तर नाहीच नाही.

आपले नाना मोजणीदार होते. निवृत्त झाले आणि गावातल्या जुन्या जागांच्या मागे लागले. वेस, कापसाच्या जिनिंगची चिमणी, मारुतीच्या पारामागचा वीरगळ. प्रत्येक जागेला एक पाटी. मजकूर नानांचा, अक्षर माझं. तुम्ही हसायचे. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू? वीरगळाशेजारी पाटी लावली, तर आठ दिवसांत बायांनी पाटीलाही शेंदूर फासला. मी चिडलो. नाना म्हणाले, लावू दे रे, आता निदान कोणी उपटून तरी नेणार नाही.

नानांचा एक नियम होता. मजकूर रंगवायच्या आधी, त्या जागेशी ज्याचं नातं त्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तो वाचून दाखवायचा. त्याने हो म्हटलं तरच ब्रश रंगात बुडवायचा. चिमणीच्या पाटीसाठी आम्ही जिनिंगमधल्या एका म्हाताऱ्या हमालाकडे तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आता बरोबर.

मग चावडीमागच्या विहिरीची पाळी आली. ही अक्का पुढे बसलीय. दुष्काळात ती विहीर हिच्या आईबापाने आणि त्यांच्या वस्तीतल्या आणखी दोघांनी खोदली. पाणी लागलं, आणि त्याच माणसांना विहिरीला शिवायची बंदी झाली. कोणीतरी वरून ओंजळीत ओतेल म्हणून अक्का लहानपणी लांब उभी राहायची. नानांनी ते सगळं लिहिलं, चारही नावांसकट. अक्काला वाचून दाखवलं तेव्हा मी तिथेच होतो. तिने एकच विचारलं.

"मन्हा मायबापनं नाव खरंच लिखशी ना, नाना?"

नाना हो म्हणाले. आणि मी ते लिहिलं नाही.

हो, मीच. हेच सांगायला मी उभा आहे. रंगवायच्या दिवशी नाना डोळे दाखवायला जळगावला गेले होते. गावातली दोन वजनदार माणसं माझ्याकडे आली. म्हणाली, जुनं कशाला उकरतो, पाहुणेरावळे वाचतील, गावाची बदनामी होईल. मला कोणी मारलं नाही. दमही दिला नाही. चहा पाजला. तेवढ्यावर मी चार नावं गाळली, पाण्याची ओळ गाळली, आणि लिहिलं की ही विहीर गावकऱ्यांनी बांधली. अक्षर मात्र झकास काढलं.

नाना संध्याकाळी आले. पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग मला म्हणाले, "अक्काला वाचून दाखवलंस का?"

मी नाही म्हणालो. म्हटलं, दुसरा पेंटर बघा. तर म्हणाले, "ज्याने गाळलं त्यानेच लिहायचं. मी थांबतो."

थांबले हो. चार वर्षं थांबले. रोज माझ्या दुकानावरून जायचे. गुडघा कसा आहे, मुलगी कशी आहे, सगळं विचारायचे. पाटीचं एकदाही नाही. त्यापेक्षा चार लोकांत शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. माणूस इतका भित्रा असतो का? मी होतो.

परवा नानांना खांदा दिला आणि घरी न जाता विहिरीवर गेलो. पाटीवर पांढरा रंग मारला. येताना तुम्ही पाहिली असेल, आज ती कोरी आहे. नानांच्या हातचा कागद माझ्या रंगाच्या पेटीतच होता, रॉकेलचे डाग पडलेला. अक्षर लागतं. पण ब्रश अजून बुडवलेला नाही. नियम आहे ना.

अक्का, ऐक. नानांनी लिहिलंय तसंच वाचतो.

"ही विहीर दुष्काळात सोनू, त्याची बायको पारू, भिका आणि धर्मा यांनी खोदली. पाणी लागल्यावर ते त्यांनाच घेऊ दिलं नाही. गावाला हे माहीत असावं."

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं, पाच मिनिटं, असं काही मी सांगणार नाही. अक्का हो म्हणेपर्यंत उभं राहायचं. आज नाही म्हणाली, तर उद्या मी तिच्या दारात जाईन, परवाही जाईन.

नाना, तुम्हाला नमस्कार. उशीर झाला.

अक्का, तुझ्या सवडीने सांग. आम्ही थांबतो.