सरकीच्या पिशवीवरची बंदूक

तुम्ही हसान, पण ऐका. एअरगननं नेम धरताना नळीखाली टेकू लागतो. दुकानदार लोखंडी स्टँड दाखवून राह्यला होता. मी म्हटलं, कापसाच्या मुलखात टेकूही कापसाचाच पायजे. बायकोनं पिशवी शिवली, मी सरकी भरली. मंग पिशवी आठवडाभर अंगणात पावसात भिजत पडली, अन् नेमबाजीच्या स्पर्धेच्या दिवशी घाईत तशीच नेली.

बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाह्यलं, तं सारं हिरवं, धुक्यावानी हलून राह्यलं. वाटलं, सपनच हाय. श्वास रोखून पाहतच बसलो.

पंच वाकून म्हणाले, "भाऊ, तुमच्या पिशवीतून कपाशी उगवली. उपटा अन् मारा."

हात पुढं नेला, पण मले उपटवेना. वेळ संपली.

घरी बायकोनं विचारलं, "काय आणलं जिंकून?"

म्हटलं, "दोन पानं. कुंडी आण."