आत्याच्या शंका

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गाल सुजलेली एक आत्या आणि तिची इंजिनिअरिंगला असलेली भाची बसल्या होत्या.

"दुपारी तोंडी परीक्षा आहे, आत्या. तुला समजावून सांगते, म्हणजे माझं कुठे अडतं ते कळेल."

"सांग. दात दुखतोय, कान नाही."

"उंच, बारीक खांबावर भार वाढवला, की तो चिरडण्याआधीच वाकतो."

"कुठल्या बाजूला?"

"थांब, पुस्तकात बघते."

"मीट ते पुस्तक! परीक्षेत उघडून बसणार आहेस का? आठव."

"पातळ बाजूला! ही पट्टी बघ. दोन्ही टोकांनी दाबली, की चपट्या अंगानेच वाकते."

"पुढचा नंबर कोणाचा?" मदतनीस बाईंनी विचारलं.

"आमचाच, पण यांना जाऊ द्या," आत्यानं मला पुढे केलं. "आमचा खांब अजून उभा राहायचाय. हं, आणि पट्टी आखूड असली तर?"

"निम्मी केली, तर वाकवायला चौपट जोर लागतो."

"चौपट का? दुप्पट का नाही?"

"अगं आई गं! हेच मला काल जमलं नव्हतं."

"मग आज जमव."

मी दात भरून बाहेर आलो, तरी दोघी तिथेच. भाचीचा चेहरा खुलला होता.

"सगळं डोक्यात बसलं! आत्या, तुला एवढी गोडी आहे याची?"

"गोडी कसली, बाई! शंका संपल्या, की मला त्या खुर्चीत बसावं लागेल."

"आत्या!"

"ओरडू नकोस, ती बाई परत येतेय. पूल कसा पडतो ते सांग बघू, सावकाश."