कै. रघुनाथराव

परवा माझी चांगलीच फजिती झाली. तिरुवल्लिकेणीचे गोपाळराव, तंजावरी मराठी गृहस्थ, पणजोबा रघुनाथरावांच्या जहाजाची जुनी, मोडीतली रोजनिशी माझ्याकडून वाचून घ्यायला आले. पहिल्याच पानावर ‘कै. रघुनाथराव’ लागलं. मी हळूच म्हटलं, “पणजोबा सफरीआधीच वारले होते हो.”

दुसऱ्या पानावर कै. रघुनाथरावांनी शीड उतरवायला लावलं. तिसऱ्यावर भात कच्चा राहिला म्हणून ते आचाऱ्यावर ओरडले.

“अय्यो, माझे आजोबा तर या सफरीनंतर दोन वर्षांनी जन्मले!” गोपाळराव घाबरले.

सातव्या पानावर कारकुनाने शब्द पूर्ण लिहिला होता: ‘कैप्टन’.

गोपाळरावांनी घाम पुसला. “बरं झालं. पणजीवर उगाच संशय घेतला असता.”